सात नंबरची टेप

अल नहदा, शारजा
६ ऑक्टोबर २०००

प्रिय व्हिवियन,

आधी खुशाली लिहिते, नाहीतर म्हणशील बहिणीला कामाशिवाय भाऊ आठवत नाही. आम्ही तिघं मजेत. बाप्टिस्टचं ऑफिस हमरियाला, माझं दुबईला, आणि उरलेलं आयुष्य ट्रॅफिकमध्ये. आईला म्हणावं, मी पाठवलेलं मलम गुडघ्याला लावायला आहे, कपाटात जपून ठेवायला नाही.

आता काम. रेनिटा बारावीला आहे आणि बास्केटबॉल खेळते हे तुला ठाऊक आहे. पण ती किती चांगली खेळते हे मलाही गेल्याच महिन्यात कळलं. तिच्या कोच, मिस कॅरल, अमेरिकेच्या आहेत. त्यांनी आम्हाला शाळेत बोलावलं. मला वाटलं, काचबिच फोडली असेल. तर म्हणाल्या, त्यांच्या तिकडच्या जुन्या कॉलेजला एक पॉइंट गार्ड हवी आहे, म्हणजे सगळ्या टीमचा खेळ चालवणारी मुलगी. तिथल्या कोचबाईंनी पसंत केलं तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं कॉलेजकडे. पण त्या इथे बघायला येणार नाहीत. दहा मिनिटांची टेप पाठवायची, त्यात तिचा उत्तम उत्तम खेळ निवडून लावलेला. फेब्रुवारी संपायच्या आत ती तिकडे पोचायला हवी. नाही जमलं, तर इथल्या बाकी मुलांसारखी रेनिटाही कॉलेजला भारतात येईल आणि वसईला तुमच्याकडे राहील.

वसईत तुझ्यासारखा मिक्सिंगवाला नाही असं तूच सांगत फिरतोस. लग्नाच्या सहा तासांच्या टेपमधून दोन तास काढणाऱ्याला दहा मिनिटं काय जड? शिवाय तू आणि बाप्टिस्ट पॅरिशच्या टीममधून एकत्र खेळलेले. इथल्या व्हिडिओवाल्यांना पास आणि रिबाउंड कोण समजावत बसणार?

एक अडचण आहे. मुलींच्या मॅचला हॉलमध्ये पुरुषांना सोडत नाहीत. ज्याने बिल्डिंगमागच्या वाळूत खांब रोवून, त्याला रिंग ठोकून पोरीला खेळ शिकवला, त्या बाप्टिस्टने तिची एकही मॅच पाहिलेली नाही. तो बाहेर गाडीत एसी लावून बसतो. तेव्हा कॅमेरा माझ्या हातात आलाय. पहिल्या तीन टेप आमच्या बिल्डिंगमधला डॅरिल वसईला सुट्टीवर येतोय त्याच्याकडे दिल्यात. सात नंबरची जर्सी घातलेली ती आपली.

तुझी
पॉलिनबाय


वसई
२४ ऑक्टोबर २०००

प्रिय पॉलिनबाय,

टेप मिळाल्या. डॅरिलने दिलेल्या खजुरांतले अर्धे आईने आल्यागेल्याला वाटून टाकले, ‘माझ्या पॉलिनने पाठवलेत’ असं ओरडून सांगत.

बाय, सात नंबर भारी आहे गं! डाव्या बाजूने आत घुसते ते थेट भाऊजी. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बघत बसलो, एक गिऱ्हाईक परत गेलं.

पण शूटिंग! ती धावते, पास देते, तोवर ठीक. बास्केट टाकायला उडी मारली रे मारली, की चित्र छतावर. तिथून खाली फरशीवर. मग इकडच्या बाकांवर, मग तिकडच्या बाकांवर. परत येतं तेव्हा बॉल केव्हाच आत पडलेला आणि पोरी एकमेकींना टाळ्या देतायत. एकदा नाही, दर वेळी! फ्री थ्रो, म्हणजे लाइनीवर एकटीने उभं राहून टाकायचे, ते तेवढे नशिबाने सापडलेत. नवरा अंगठी घालताना मी फादरचे बूट दाखवले तर लोक मला मांडवातच धरून मारतील.

आता रागावू नकोस. पप्पांचा हात शेवटी शेवटी कसा थरथरायचा आठवतं ना? तुझा हात थरथरतो का? खरं सांग. बीपी, साखर, सगळं तपासून घे. आईला मी काही बोललेलो नाही.

दोन मिनिटांचा नमुना करून पाठवतोय. मध्ये मध्ये बदाम आणि गुलाबपाकळ्या टाकल्यात, आवडतील तिला.

तुझा
व्हिवियन


अल नहदा, शारजा
१० नोव्हेंबर २०००

प्रिय व्हिवियन,

माझा हात थरथरत नाही. तुझं पत्र वाचून बाप्टिस्टने मला ऐन कामाच्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. बीपी उत्तम, साखर उत्तम. डॉक्टर मल्याळी होता, तो म्हणाला, मॅडम, आपको कुछ नहीं है, साहब को थोडा वजन कम करना चाहिए. तेव्हापासून तुझे भाऊजी तुझ्यावर नाराज आहेत.

माझं ऐक, कॅमेराच बिघडलाय. मी तर सरळ धरते. मॅचच्या वेळी मला सगळं व्यवस्थित दिसतं, रेनिटाची प्रत्येक बास्केट मी डोळ्यांनी बघितलीय. बाप्टिस्ट दुकानात दाखवून आला. दुकानवाल्याने अर्धा तास उलटासुलटा करून परत दिला, म्हणे ‘एकदम ओके है.’ त्याला काय कळतंय?

तुझा नमुना बघून रेनिटा सोफ्यावरून उठलीच. ‘मामा, प्लीज! नो हार्ट्स! नो पेटल्स! दे विल थिंक आय ॲम गेटिंग मॅरिड!’ मिस कॅरलनेही सांगितलंय, गाणं नको, सजावट नको. सुरुवातीला नाव, उंची, आणि सात नंबरवर एक बाण. पुढे नुसता खेळ.

आणखी दोन टेप पाठवतेय. महिनाअखेर रमजान लागतोय, मग मॅच बंद. ईदनंतर एकच राहते, शेवटची. तेव्हा यातूनच काहीतरी काढ रे बाबा.

तुझी
पॉलिनबाय


वसई
२६ नोव्हेंबर २०००

प्रिय पॉलिनबाय,

तुझा कॅमेरा बिघडलेला नाही. तू बिघडलीयस.

काल दुपारी मी नव्या टेप लावून डोक्याला हात लावून बसलो होतो. पुन्हा तेच: छत, फरशी, इकडचे बाक, तिकडचे बाक. आई मागे खुर्चीत वालाच्या शेंगा सोलत होती. तिला बास्केटबॉल कळत नाही, पण नात दिसते म्हणून बसते. रेनिटाने उडी मारली, चित्र वर गेलं, आणि मला मागून आईचा आवाज आला, ‘आमेन.’

मी वळून बघितलं. आईचा हात उजव्या खांद्यावर होता. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ‘काही नाही रे, पॉलिनने केला म्हणून मीही केला.’

टेप मागे घेतली. बाय, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा! तू क्रुसाची खूण करतेस! पोर बास्केट टाकायला गेली की तुझा उजवा हात आपोआप उठतो, आणि त्याच हाताला पट्ट्याने कॅमेरा बांधलेला! पाच टेपमध्ये तू अमेरिकेतल्या कोचबाईंसाठी फक्त प्रार्थना रेकॉर्ड केलीयस!

मी इतका हसलो, की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. मग आईही हसायला लागली. मग ती एकदम रडली, म्हणाली, माझी पोर किती घाबरत असेल तिकडे.

आता शेवटची मॅच माझ्या हातात दे, म्हणजे तुझ्या हातात दे. एका मॅचपुरता क्रूस सोड. स्टँड लाव, नाहीतर डाव्या हाताने कर, नाहीतर मनात कर. पण मला चार-पाच बास्केट हव्यात, बॉल आत जाताना दिसणाऱ्या.

तुझा (अजून हसत असलेला)
व्हिवियन


अल नहदा, शारजा
८ डिसेंबर २०००

प्रिय व्हिवियन,

हस. जन्मभर हस. आज चर्चमध्ये शुक्रवारच्या मिसाला मी क्रूस केला तर बाप्टिस्ट कानात म्हणाला, ‘हळू, छत दिसेल.’ आणि हा माणूस प्रवचन सुरू झालं की झोपतो! ह्याने लग्नाच्या दिवसानंतर स्वतःहून क्रूस केलेला मी बघितला नाही.

शपथेवर सांगते, मला माहीतच नव्हतं. हात कधी उठतो ते कळत नाही रे. ती पहिलं पाऊल टाकायला उठली होती तेव्हाही असाच उठला असेल.

स्टँड लावता येत नाही, मध्ये बायका-मुलं ये-जा करतात. डाव्या हाताने क्रूस कोणी करतं का? आणि मनात केलेल्याला मी क्रूस म्हणत नाही. तू सांगतोस एका मॅचपुरता सोड. पण मी सोडला आणि बॉल बाहेर गेला तर? एवढ्या मॅच झाल्या, मी केला आणि ती जिंकली. आता ऐन महत्त्वाच्या दिवशी मीच हात आखडता घेऊ?

तुला एक सांगते, आईला सांगू नकोस. टेप बिघडलेल्या निघाल्या तेव्हा मला थोडं बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, आता पोरगी वसईला जाईल, आईच्या हातचं जेवेल, तू रात्री दार उघडशील. अमेरिकेत कोण दार उघडणार? पण काल संध्याकाळी ती मागे वाळूत एकटीच खेळत होती. मी गॅलरीतून बघत होते. बॉल रिंगला लागून बाहेर आला की परत तिथूनच टाकायची, आत जाईपर्यंत. तिला मी घरात बोलावलंच नाही.

बाप्टिस्ट म्हणतो, तू शूट कर, क्रूस मी करतो, गाडीत बसून. काय करू सांग.

तुझी
पॉलिन


वसई
२६ डिसेंबर २०००

प्रिय पॉलिनबाय,

नाताळच्या शुभेच्छा. आईने तुमच्या वाटणीचा केक डब्यात भरून ठेवलाय आणि रोज त्यातला तुकडा स्वतःच खातेय.

काय करू विचारतेस, तर ऐक. माडीवरची खोली मी रेनिटासाठी रंगवून घेतलीय, पिवळी. ती इथे आली तर मला आनंदच आहे, आईला तर विचारूच नकोस. पण ती तुझ्या हातून बिघडलेल्या टेपमुळे इथे यायला नको. आली तर तिला तसं कधी वाटायलाही नको, आणि तुला तर नकोच. तेवढं मला कळतं.

तेव्हा दोन्ही हातांनी कॅमेरा धर, कोपर पोटाशी घट्ट. भाऊजींना म्हणावं, क्रूस नीट करा, घाई नको. इथून आई आणि मीही करतो. चार जणांचं काम तू एकटी इतके दिवस करत होतीस, दमली असशील.

तुझा
व्हिवियन


अल नहदा, शारजा
१९ जानेवारी २००१

प्रिय व्हिवियन,

काल मॅच झाली. टेप कुरिअरने पाठवतेय, हाती द्यायला वेळ नाही.

मी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला होता. डाव्या मनगटात उजव्या हाताची बोटं अडकवली होती, अजून वळ आहेत. पाच-सहा बास्केट झाल्या, सगळ्या सरळ आल्या असणार. माझे ओठ चावून चावून सुजले.

शेवटी दोन्ही टीम बरोबरीत, आणि रेनिटाला दोन फ्री थ्रो मिळाले. ती लाइनीवर उभी राहिली. आणि रिंगकडे बघायचं सोडून तिने माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं म्हणून सांगू! सरळ कॅमेऱ्यात, रागाने. मला वाटलं, माझ्या कॅमेऱ्यामुळे तिचं लक्ष उडतंय. रेफ्रीबाईने बॉल दिला तरी हिची नजर हलेना. मग घाईने टाकला, तो रिंगला लागून बाहेर. मी क्रूस केला नाही आणि गेला! तेच झालं जे मी म्हणत होते! मी डोळे गच्च मिटले, पण हात सोडला नाही. मग सगळ्या ओरडल्या तेव्हा कळलं, दुसरा आत गेला. एकाने जिंकलो.

बाहेर आले तर तुझे भाऊजी सीट मागे टाकून घोरतायत. मी काच वाजवली. दचकून उठला आणि म्हणाला, ‘आमेन.’

गाडीत रेनिटाला त्या नजरेबद्दल विचारायचं मी टाळलं. व्हिवियन, तो चुकलेला बॉल काढून टाक. आणि तिची ती नजरही, मला परत बघायची नाही.

तुझी
पॉलिनबाय


वसई
३० जानेवारी २००१

प्रिय पॉलिनबाय,

टेप तयार आहे, सोबत आहे. मिस कॅरलना सांग, अमेरिकेतल्या व्हीसीआरवर आपली टेप चालत नाही, त्यांच्या पद्धतीत बदलून घ्यावी लागते. दुबईत करून देतात. हे विसरलीस तर त्या कोचबाईंना नुसत्या मुंग्या दिसतील.

शूटिंग अप्रतिम. पुढच्या सीझनला लग्नं घ्यायला ये.

आता ती नजर. तू सांगितलंस काढ, म्हणून मी काढायलाच बसलो होतो. पण काढण्याआधी चार वेळा बघितली, आणि मग जुन्या टेप काढल्या. मी तुला लिहिलं होतं ना, फ्री थ्रो तेवढे नशिबाने सापडलेत? नशीब नव्हतं ते. प्रत्येक फ्री थ्रोला असं आहे: तुझा कॅमेरा छतावर जातो, फरशीवर जातो, दोन्ही बाजू फिरून परत येतो, आणि ती तोवर बॉल हातात धरून तुझ्याकडे बघत उभी असते. तुझं झालं की मग रिंगकडे वळते आणि टाकते. दर वेळी, बाय. ती तुझ्यासाठी थांबते.

या मॅचलाही ती थांबली होती. रागाने नाही, वाट बघत होती. तुझा कॅमेरा हलला नाही, तशी गोंधळली आणि टाकून मोकळी झाली. दुसऱ्या बॉलला तू डोळे मिटले होतेस, म्हणून तुला दिसलं नाही. तिने पुन्हा तुझ्याकडे बघितलं. तू हलली नाहीस. मग तिने बॉल डाव्या काखेत धरला, आणि उजव्या हाताने स्वतःच केला. कपाळ, छाती, डावा, उजवा. तुझ्यासारखाच, सावकाश. आणि टाकला.

तो आत जाताना तू स्वच्छ टिपलायस. डोळे मिटून!

चुकलेला बॉल मी काढलेला नाही. टेपच्या शेवटी दोन्ही बॉल लावलेत, मध्ये काही न कापता. तुला आवडलं नाही तर मोठी बहीण म्हणून ओरड. पण मी तसाच पाठवणार.

तुझा
व्हिवियन


अल नहदा, शारजा
२७ एप्रिल २००१

प्रिय व्हिवियन,

झालं रे! काल पत्र आलं. ऑगस्टमध्ये जायचं. बाप्टिस्टने पत्र तीनदा मोठ्याने वाचलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला.

तिथल्या कोचबाईंनी मिस कॅरलना फोनवर सांगितलं, बास्केट टाकणाऱ्या मुली त्यांच्याकडे पुष्कळ येतात, पण चुकल्यावर कोणाकडे तरी वळून बघणारी आणि मग स्वतःला सावरून टाकणारी ही पहिलीच. त्यांनी विचारलंय, ती बघत होती कोणाकडे?

तुझं पत्र आल्यावर मी रेनिटाला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मम्मा, यू आर सो स्लो. आय ऑल्वेज वेट फॉर युअर आमेन.’ एवढं बोलून फ्रिज उघडून दूध प्यायला लागली. मी बेडरूममध्ये जाऊन रडले. तुझ्यावर ओरडायचं राहून गेलं.

पिवळी खोली तशीच ठेव. सुट्टीत तिला तिथेच यायचंय, तिनेच सांगितलंय.

तुझी
पॉलिनबाय


अल नहदा, शारजा
२४ ऑगस्ट २००१

प्रिय व्हिवियन,

काल रात्री रेनिटा गेली. घर इतकं शांत आहे, की फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

एअरपोर्टवर दोन्ही हात रिकामे ठेवायचे असं मी ठरवलं होतं, म्हणून कॅमेरा बाप्टिस्टकडे दिला. ‘इतकी वर्षं बाहेर बसलास, आता तू टिपून घे’ म्हटलं. दारापाशी ट्रॉली थांबवून ती वळली आणि उभी राहिली. मला माहीत होतं कशासाठी. मी क्रूस केला, सावकाश, नीट. मान हलवून तिला खूण केली, जा म्हणून.

ती जाईना. माझं झालं होतं, तरी तिथेच उभी, बघत. मागच्या माणसाची ट्रॉली अडकली, पोलीस ‘यल्ला, यल्ला’ करत पुढे व्हायला सांगू लागला. मला वाटलं, आता ही रडते की काय. मी परत खूण केली. मग एकदम हसली, वळली आणि आत गेली. मला कळेना, अजून कशाला थांबली होती.

आज सकाळी आम्ही दोघांनी टेप लावली. ट्रॉली दिसते, रेनिटा दिसते, ती वळते. आणि चित्र जातं वर, एअरपोर्टच्या दिव्यांवर. मग खाली, फरशीवर. मग डावीकडे कोणाच्या तरी बॅगांवर, मग उजवीकडे माझ्या खांद्यावर. परत येतं तेव्हा ती तिथेच उभी आहे, सरळ कॅमेऱ्यात बघत. मग हसते आणि आत जाते.

मी बाप्टिस्टकडे बघितलं. तो टीव्हीकडेच बघत होता.

‘कॅमेरा बिघडलाय,’ तो म्हणाला.

टेप डॅरिलच्या हाती पाठवतेय. आईला दाखव, तिला काही समजावून सांगायला नको. आणि यातलं काही कापू नकोस.

तुझी
पॉलिनबाय